ईशापूरची थ्री नॉट थ्री : आधी वाचा, मग पुसा

लष्करातून बाद झालेली जुनी रायफल घरी आली की हात आपोआप पॉलिश पेपरकडे जातो. तो तिथेच आवरा. त्या लाकडावर आणि लोखंडावर इतक्या वर्षांत जे ठसे उमटले आहेत ती तिची जन्मपत्रिका आहे. पॉलिश पेपर दहा मिनिटं चालवला की ती कायमची जाते आणि पुन्हा कोणालाही लिहिता येत नाही.

मी खडकीचा. वडील दारूगोळा कारखान्यात होते आणि माझी सगळी नोकरी टूलरूममध्ये गेली, आधी पुण्यात, मग इथे ओहायोत. माझ्याकडे १९४२ सालची ईशापूर आहे, आणि इथली आपली मंडळी दुकानातून किंवा गन शोमधून अशीच एखादी रायफल घेऊन आली की मला विचारायला येतात. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून ठेवतो. मी ली-एनफिल्डबद्दल, म्हणजे .३०३ काडतुसाच्या जुन्या ब्रिटिश लष्करी रायफलीबद्दल लिहितोय, त्यातही बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात घडलेल्या किंवा तिथे दुरुस्त झालेल्या रायफलींबद्दल. माउझर किंवा मोसिन या दुसऱ्या लष्करी रायफलींचं काम वेगळं आहे, तिथे यातला क्रम लावू नका.

कायद्याचं थोडक्यात. अमेरिकेत पन्नास वर्षांहून जुन्या शस्त्रांसाठी 'क्युरिओ अँड रेलिक' हा वेगळा परवाना मिळतो, पण राज्याराज्याचे नियम निराळे असतात. न्यू जर्सीत तर रायफल विकत घ्यायलाच ओळखपत्र लागतं. रायफल घेण्याआधी आपल्या राज्याचा नियम वाचा. भारतात गोष्ट पूर्ण वेगळी आहे. तिथे .३०३ 'प्रोहिबिटेड बोअर'मध्ये, म्हणजे बंदी असलेल्या मापात मोडते आणि परवान्याशिवाय कोणतीही बंदूक जवळ ठेवणं हा गुन्हा आहे. वाड्याच्या माळ्यावर आजोबांची जुनी बंदूक सापडली तर तिला हात लावून साफसफाई करत बसू नका. वकिलाला विचारा आणि पोलीस ठाण्यात कळवा.

रायफल हातात घेतल्यावर पहिलं काम मॅगझिन काढणं, बोल्ट (मुठीनं मागेपुढे सरकणारा, काडतूस आत बसवणारा दांडा) मागे ओढणं आणि आत काडतूस नाही हे डोळ्यांनी पाहून पुन्हा करंगळीनं चाचपणं. नळीचं तोंड कायम भिंतीकडे. बोल्ट काढायचा तर तो पूर्ण मागे घ्या, बोल्टचं डोकं उजवीकडून वर उचला, खट्‌ आवाज होतो, मग तो सरळ मागे निघतो. बाहेर आलेला बोल्ट आणि रायफल शेजारीशेजारी ठेवा, दुसऱ्या रायफलीच्या बोल्टशी त्याची सरमिसळ होऊ देऊ नका.

ठसे वाचणं

दस्ता, म्हणजे खांद्याला टेकणारं मागचं लाकूड, लोखंडाला जिथे जोडला जातो, त्या गाळ्याच्या उजव्या अंगावर पाहा. मूळ ओळख तिथे आहे. वर मुकुट, खाली राजाची अक्षरं, मग कारखाना, साल आणि नमुना. इंग्लंडमध्ये घडलेल्या रायफलीवर 'जी आर' असतं. भारतात घडलेलीवर 'जी आर आय', कारण तिथे तो राजा सम्राटही होता. खाली ईशापूरचं नाव आणि साल. स्वातंत्र्यानंतर मुकुट गेला, अशोकस्तंभाचे सिंह आले आणि नावाच्या जागी 'आर एफ आय' दिसू लागलं. 'एनफिल्ड', 'बी एस ए कंपनी', 'एल एस ए कंपनी' किंवा 'लिथगो' असं दिसलं तर रायफल अनुक्रमे सरकारी एनफिल्ड, बर्मिंगहॅम, लंडन किंवा ऑस्ट्रेलियाची. पण जन्म बाहेरचा असला तरी पुढचं आयुष्य भारतात गेलेल्या रायफली पुष्कळ आहेत. ब्रिटिश सरकारी मालमत्तेवर रुंद बाणाचं चिन्ह असतं. त्या बाणाखाली इंग्रजी 'आय' असेल तर ती भारत सरकारच्या हिशेबात होती. 'एफ आर' आणि पुढे साल दिसलं तर त्या साली ती कारखान्यात दुरुस्तीला जाऊन आली. माझ्या रायफलीवर ६० च्या दशकातला असा ठसा आहे, म्हणजे १९४२ चं लोखंड स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षं कामात होतं.

नमुना ओळखायला सोपा आहे. 'मार्क ३' १९०७ चा, त्यात मॅगझिनवरून सरकणारी एक पट्टी असते, ती आत ढकलली की एकेक काडतूस हातानं भरावं लागे. पहिल्या महायुद्धात लाखोंनी रायफली लागू लागल्या तेव्हा १९१६ मध्ये ही पट्टी, नेम धरायची लांब पल्ल्याची बाजूची साइट वगैरे वगळून काम सोपं केलं, तो 'मार्क ३ स्टार'. १९२६ मध्ये नावं बदलली आणि हीच रायफल 'नंबर १' झाली, म्हणून कागदोपत्री दोन्ही नावं भेटतात. मॅगझिन दहा काडतुसांचं, नळी २५.२ इंच, वजन चार किलोच्या जरा आत. मागच्या साइटवर दोन हजार यार्डांपर्यंतचे आकडे आहेत. तेवढ्या लांब एकट्या माणसाला टिपायचं नसे, तुकडीनं मिळून एखाद्या जागेवर मारा करायचा असे.

मॅगझिन चौकोनी आणि धारदार कोपऱ्यांचं दिसलं तर थांबा, ती बहुधा .३०३ नाहीच. १९६२ च्या चीनयुद्धानंतर ईशापूरनं हीच रायफल ७.६२ नाटो काडतुसासाठी नव्यानं, अधिक मजबूत पोलादात घडवली. ती '२ ए', आणि साइट आठशे मीटरवर आणलेली ती '२ ए १'. जुन्या .३०३ ची नळी बदलून ती केली असं लोक सांगतात ते खोटं आहे. काडतूस कोणतं हे ठशावरूनच ठरवा, विकणाऱ्याच्या बोलण्यावरून नाही.

आता तीन रायफली अशा, ज्या ओळखता आल्याच पाहिजेत, कारण चूक झाली तर जिवावर बेतेल.

पहिली 'डी पी' ठशाची. ती कवायतीसाठी बाद केलेली आहे. कोणता भाग कशामुळे बाद झाला हे तुम्हाला बाहेरून कळणार नाही. तिला भिंतीवर मानानं ठेवा, गोळी झाडण्याजोगी करायचा विचारही नको.

दुसरी, जिच्या पुढच्या लाकडावर तांब्याची तार घट्ट गुंडाळून झाळलेली आहे. ती ग्रेनेड फेकण्यासाठी वापरलेली. ग्रेनेडच्या धक्क्यानं लाकूड फुटू नये म्हणून तार. अशी रायफल फार ताण सोसलेली असते. तार काढू नका, तीच तिची ओळख आहे, आणि गनस्मिथनं तपासल्याशिवाय झाडू नका.

तिसरी सरहद्दीची. खैबर खिंडीच्या परिसरात, दर्रा आदमखेलसारख्या गावांत, साध्या हत्यारांनी ली-एनफिल्डच्या नकला पिढ्यान्‌पिढ्या होत आल्या. हातांचं कसब थक्क करणारं, पण पोलाद कुठल्या गुणाचं ते देवच जाणे. ठशांत त्या पकडता येतात. 'एन' हे अक्षर उलटं, स्पेलिंग चुकलेलं, अंतरं वेडीवाकडी. सगळ्यांत सोपी खूण म्हणजे मुकुटाखाली 'व्ही आर', म्हणजे राणी व्हिक्टोरिया, आणि खाली साल १९०७ किंवा १९१७. राणी जानेवारी १९०१ मध्ये वारली. त्यानंतरच्या सालावर तिची अक्षरं कशी येतील? अफगाणिस्तानातून परतलेल्या सैनिकांनी आणलेल्या अशा रायफली अमेरिकेत भेटतात. त्या झाडायच्या नाहीत.

याखेरीज नळीत डोकावल्यावर आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या पिळदार खाचा) दिसलेच नाहीत आणि मॅगझिनच्या जागी लाकडाचा ठोकळा आहे, तर ती भारतात पोलीस आणि पहारेकऱ्यांसाठी केलेली .४१० ची गुळगुळीत नळीची बंदूक. तिचं काडतूस .३०३ च्या पुंगळीचाच, पण मान न दाबलेला प्रकार होता.

मग क्रमांक जुळवा. बॉडीवर (बोल्ट ज्यात सरकतो तो मधला लोखंडी भाग), नळीवर, बोल्टच्या मुठीच्या मागे, नोजकॅपवर (नळीच्या तोंडाशी लाकडावरची लोखंडी टोपी), साइटच्या पट्टीखाली आणि पुढच्या लाकडाच्या टोकाशी आतून. बोल्टचा क्रमांक बॉडीशी जुळणं सर्वांत महत्त्वाचं. जुना क्रमांक खोडून नवा मारलेला असेल तर नाक मुरडू नका, दुरुस्तीत ईशापूरच्या कारागिरानं तो बसवून दिला आहे आणि तोही इतिहासच आहे. लाकडात मॅगझिनच्या पुढच्या बाजूला आडवा आरपार स्क्रू दिसला तर तो ईशापूरनं लाकूड चिरू नये म्हणून घातलेला. तो बुजवू नका. नळीवर किंवा बॉडीवर बारीक अक्षरात आयातदाराचं नाव-गाव असेल तर तो अमेरिकेतला ठसा, कायद्यानं आवश्यक. तो घासू नका.

या सगळ्याचे फोटो तिरप्या उजेडात काढा. टॉर्च बाजूनं मारली की समोरून न दिसणारे ठसे उठून येतात. फोटो झाल्याशिवाय एकही स्क्रू सैल करायचा नाही.

उघडण्याचा क्रम

इथे घाई केली तर लाकूड फुटतं, म्हणून सावकाश वाचा. दस्ता आतल्या लांब बोल्टनं (हा आवळायचा बोल्ट, आधी काढलेला तो नव्हे) आवळलेला असतो आणि तो फिरवायला बटप्लेटमधल्या, म्हणजे दस्त्याच्या मागच्या पत्र्यातल्या छोट्या दारातून लांब पेचकस जातो. पण त्या बोल्टचं पुढचं टोक चौकोनी असतं आणि ते पुढच्या लाकडातल्या पट्टीच्या खाचेत अडकलेलं असतं. पुढचं लाकूड जागेवर असताना बोल्ट फिरवलात तर चौकोन फिरतो आणि लाकडाच्या मागच्या टोकाला चीर जाते. नंतरच्या काही रायफलींत ती पट्टी नसते, पण उघडल्याशिवाय ते कळत नाही. म्हणून नियम एकच : पुढचं लाकूड आधी, दस्ता नंतर. आणि दस्ता घट्ट असेल तर काढायची गरजच काय? माझा मी काढलेला नाही.

पुढचं लाकूड काढायला नोजकॅपचे दोन्ही स्क्रू, मग मधला बाहेरचा पट्टा, वरची लाकडं, मग खालून आतल्या पट्ट्याचा लांब स्क्रू. याच्याबरोबर एक स्प्रिंग निघते, ती उडून हरवते, म्हणून खाली पांढरं फडकं पसरा. मग चापाच्या कमानीचे पुढचा आणि मागचा स्क्रू. चाप कमानीलाच जोडलेला आहे, तो तिच्यासोबत येतो. आता लाकूड नळीपासून खाली, समांतर, हळूहळू सोडवायचं, एका टोकानं उचकटायचं नाही.

पेचकसाबद्दल हट्ट धरा. दुकानातल्या पेचकसाची पाती निमुळती असते, ती खाचेत तळाशी बसत नाही आणि खाच उलते. पाती कानसेनं समांतर घासून त्या त्या स्क्रूच्या मापाची करून घ्या. स्क्रू हलत नसेल तर आत मुरणारं तेल सोडून रात्रभर ठेवा.

कमानीच्या पुढच्या स्क्रूभोवती लाकडात एक छोटी लोखंडी नळकांडी असते. ती जपा. स्क्रू आवळला की भार या नळकांडीवर यावा, लाकडावर नाही, अशी योजना आहे. ती हरवलेली असली तर प्रत्येक आवळणीला लाकूड चेपतं, कमान वर सरकते, आणि चाप कमानीत असल्यामुळे चापाचं ओढणंच बदलतं. चाप बिघडलाय म्हणून लोक आतले भाग घासत बसतात, दुखणं असतं लाकडात.

लाकूड

रायफल वर्षानुवर्षं गोदामात राहिलेली असल्यानं लाकडात घट्ट काळं वंगण मुरलेलं असतं. उन्हाळ्यात लाकूड जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून उन्हात ठेवा. वंगण पाझरून कागदात उतरतं. कागद बदला, पुन्हा ठेवा. त्यानंतर टर्पेंटाइननं पुसा. जिथे काळे डाग राहतात तिथे खडूची बारीक पूड टर्पेंटाइनमध्ये कालवून लेप द्या, वाळला की ब्रशनं झाडा, तो तेल ओढून घेतो. लोक लाकूड ओव्हनमध्ये आणि डिशवॉशरमध्येही घालतात. लाकूड वाकतं, चिरतं आणि ठशांच्या कडा फुगून जातात. असं कृपा करून करू नका.

दबलेल्या खोलगट खुणा ओल्या फडक्यावर गरम इस्त्री टेकवून वर येतात, पण ठशाच्या आसपास इस्त्री नेऊ नका, कारण ठसाही दबलेलं लाकूडच आहे, तोही वर येईल. मी तर दस्त्यावरच्या सगळ्या खुणा तशाच ठेवल्यात. कोणीतरी ती रायफल कुठेतरी टेकवली होती, कोणाच्या तरी हातातून पडली होती. त्या खुणा मिटवायचा मला अधिकार नाही.

मग खरं सुतारकाम. पुढच्या लाकडाच्या मागच्या टोकाला आतून दोन उभ्या बाजू बॉडीला टेकतात. गोळी सुटताना मागे येणारा सगळा धक्का तिथे बसतो. तेलानं तिथलं लाकूड मऊ झालं, फट पडली, की नेम बिघडतो आणि एक दिवस लाकूड चिरतं. टूलरूममध्ये आम्ही करतो तेच करा : बॉडीच्या त्या बाजूंना प्रशियन ब्लूचा (टेकलं तिथे खूण उमटवणारा निळा रंग) पातळ हात मारा, लाकूड बसवा, काढा, आणि निळं कुठे उमटलं ते पाहा. दोन्हीकडे सारखं आणि भरपूर उमटायला हवं. एकीकडेच आलं किंवा आलंच नाही, तर मऊ लाकूड पटाशीनं काढून टणक लाकडाचा पातळ तुकडा इपॉक्सीनं चिकटवा, तंतू लांबीच्या दिशेनं ठेवून, आणि पुन्हा ब्लू मारत मारत थोडं थोडं तासा. या कामाला संध्याकाळच्या संध्याकाळी जातात, आणि मला विचाराल तर पूर्ण दुरुस्तीतलं हेच सर्वांत मोलाचं काम आहे. रायफल बाहेरून तशीच दिसते, पण पुन्हा नेमानं वागते.

शेवटी कच्चं जवसाचं तेल. व्हार्निश नको, पॉलिश नको. पहिला हात अर्धं टर्पेंटाइन घालून, पुढचे निव्वळ तेलाचे, अगदी पातळ, तळहातानं चोळून. अर्ध्या तासानं उरलेलं पुसून काढा आणि मध्ये दिवस जाऊ द्या. सावध राहा : तेलाच्या चिंध्या चुरगळून टाकल्या तर त्या आतून तापून आपोआप पेटतात. प्रत्येक चिंधी उघडी पसरून घराबाहेर वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

लोखंड आणि नळी

काळा रंग किंवा ब्लूइंग (लोखंडावरची निळसर-काळी झाक) झिजलं असलं तरी पुन्हा चढवू नका. ईशापूरनं दुरुस्तीत कित्येक रायफलींवर काळा रंग मारला, तो त्यांचाच आहे. लाल गंज मात्र थांबवायलाच हवा. हलकं तेल लावा, तासभर थांबा आणि १९८१ किंवा आधीच्या अमेरिकन पेनीनं खरवडा. ती जवळजवळ शुद्ध तांब्याची असते, पोलादाहून मऊ, म्हणून गंज निघतो आणि खालचा रंग राहतो. उरलेल्याला चार शून्याची स्टील वूल, तीही तेलातच. लाकडाखाली झाकली जाणारी नळीची बाजू नीट पाहा, ओल तिथे साठते.

नळी मागून पुढे घासायची. ब्रश, सॉल्व्हंट, कापड, कापड स्वच्छ येईपर्यंत. आतून थोडी खडबडीत दिसली म्हणून निराश होऊ नका, तशा नळ्याही चांगल्या चालतात. नळीचं पुढचं तोंड मात्र बारकाईनं पाहा, सैनिकांनी दोरीनं ओढून नळी साफ केल्यानं ते एका बाजूला झिजलेलं असतं.

झाडण्याआधी गनस्मिथकडून हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टच्या डोक्यापासून काडतूस जिथे टेकतं तिथपर्यंतचं अंतर, मोजून घ्या. .३०३ चं काडतूस मागच्या कडेवर टेकतं, म्हणून माप कडेच्या जागेचं : .०६४ इंचाच्या गेजवर बोल्ट बंद झाला पाहिजे, .०७४ च्या गेजवर बंद होता कामा नये. दुसऱ्यावर बंद होत असेल तर बहुतेक वेळा बोल्टचं डोकं बदलून भागतं, पण नंबर १ च्या डोक्यांवर मापाचे आकडे नसतात, म्हणून बसवून, मोजूनच निवडावं लागतं. हे काम घरी करू नका.

काडतुसं नवीन, कारखान्यातली घ्या. जुन्या सरप्लस पेट्यांतून 'के एफ' ठशाची निघतात. 'के एफ' म्हणजे आमची खडकी, १८६९ चा कारखाना. रायफल बंगालची, कॉर्डाइट (काडतुसातली दारू) निलगिरीतल्या अरुवनकाडूची, काडतूस पुण्याचं, असा त्या काळचा संसार होता. ही काडतुसं पाहून माझा ऊर भरून येतो, पण ती जपून ठेवण्यासाठी आहेत. त्यांच्या प्रायमरमधला (काडतुसाच्या बुडातली ठिणगी पाडणारी टोपी) क्षार नळीत राहतो, हवेतली ओल धरतो आणि गंज चढवतो. तेलानं तो जात नाही, कारण तो मिठासारखा पाण्यातच विरघळतो. तुमच्या रायफलीतून आधीच्या मालकानं कधीतरी अशी काडतुसं झाडली असतीलच, म्हणून पहिल्या साफसफाईत बोल्ट काढून मागून नरसाळ्यानं उकळतं पाणी नळीत ओता. ब्रिटिश सैन्यातही हेच करत. गरम नळी स्वतःच वाळते, मग कोरडं कापड आणि तेलाचा पातळ हात.

जोडताना उलटा क्रम. स्क्रू आधी सगळे हातानं लावा, मग कमानीचा पुढचा, मग मागचा, नोजकॅप शेवटी. नोजकॅप आवळल्यावर नळी वाकडी ओढली जात नाही ना ते पाहा. पहिल्या वीसेक गोळ्यांनंतर कमानीचे स्क्रू पुन्हा तपासा, नवं तेल प्यालेलं लाकूड थोडं बसतं. आणि काढलेले सगळे फोटो, मोजलेली मापं, बदललेला प्रत्येक भाग तारखेसह एका कागदावर लिहून तो पाकिटात घालून रायफलीसोबत ठेवा. काढलेला जुना भाग फुटका असला तरी त्याच पाकिटात.